रेघोट्यांचे चार रविवार : मुलांना अभिव्यक्तिवादी चित्रकला शिकवताना

मराठीत रेषा आखतात, रेघ ओढतात आणि रेघोट्या मारतात. रेषेला पट्टी लागते, रेघेला नुसता हात पुरतो आणि रेघोट्यांबद्दल ओरडा बसतो. माझा सगळा खटाटोप या तिसऱ्या शब्दासाठी आहे.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी रविवारी सकाळी चित्रकलेचा वर्ग घेते. आठ ते तेरा वयाची बारा-पंधरा मुलं येतात. काहींना पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएट द्यायची असते, काहींच्या आयांना ती द्यायला लावायची असते. त्या परीक्षांशी माझं भांडण नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, भूमिती, अक्षरलेखन यांनी हाताला वळण लागतं. पण सहावी-सातवीत पोचेपर्यंत मुलांची रेघ भित्री होते, हे दरवर्षी दिसतं. बोटभर ओढायची, खोडायची, तिच्याच शेजारी पुन्हा ओढायची. शेवटी मडक्याच्या कडेला केस फुटल्यासारखे दिसतात. पाच वर्षांचं पोर मात्र भिंतीवर खडू टेकवतं आणि हात जाईल तिथवर नेतं. ते धाडस परत आणायला मला अभिव्यक्तिवादी चित्रकारांइतकी मदत दुसऱ्या कोणाची झालेली नाही.

मुलांना मी अभिव्यक्तिवादाची व्याख्या सांगत नाही. एवढंच सांगते, ‘काही चित्रकार समोर काय दिसतंय ते काढतात. ही मंडळी ते बघून आत काय होतंय ते काढायची. आत वाकडं झालं की चित्रातलं घरही वाकडं.’ आठ वर्षांच्या मुलालाही हे कळतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे प्रामुख्याने जर्मनीत आणि ऑस्ट्रियात घडलं, हे मोठ्यांनी माहीत असू द्यावं.

खालचा क्रम चार रविवारांचा आहे, दर वेळी दीड तास. घरी एकट्या मुलाबरोबर करायचं असेल तर एकेका रविवारचे दोन भाग करा.

सामान

महागडं काही नको. महागडा कागद दिला की मूल जपून काढतं, म्हणजे आपलाच तोटा. वह्यांना घालतो तो खाकी कव्हरचा रोल घ्या. त्यावर काळं आणि पांढरं दोन्ही उठून दिसतं, आणि कितीही लांब कापता येतो. थोडे कार्ट्रिज पेपर, काळी शाई, ऑइल पेस्टल, काळा पोस्टर कलर.

कोळसा दुकानात चारकोल म्हणून काड्यांच्या पाकिटात मिळतो. पण कोळशाची इस्त्री वापरणारे इस्त्रीवाले अजून बऱ्याच गल्ल्यांत आहेत. त्यांच्याकडून लाकडी कोळशाचे चार तुकडे मागून आणा. त्यांचा आकार वेडावाकडा असतो, त्यामुळे पेन्सिलीसारखं धरताच येत नाही आणि पकड आपोआप बदलते. एका जागी टोकाने बारीक रेघ येते, आडवा धरला की बोटभर रुंद.

शाईसाठी ब्रश नको, काड्या हव्यात. खराट्याचा हीर, आइस्क्रीमची काडी, जुना टूथब्रश आणि जमलं तर बोरू. डच चित्रकार व्हॅन गॉगने १८८८ साली फ्रान्समधल्या आर्लमध्ये असताना तिथल्याच वेताची लेखणी करून ढिगाने रेखाटनं केली. शेतं, झाडं, आकाश सगळं ठिपके आणि तुटक रेघांनी भरलेलं. म्हणजे आपला बोरूच की! आपल्याकडे मोडी याच बोरूने लिहायचे, आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. मुलांना मोडीचा एखादा छापील नमुना दाखवा. अक्षर वाचता आलं नाही तरी हात किती वेगाने गेला ते दिसतं. बोरू कापायचं काम मोठ्यांनीच करा. टोक तिरकं कापून मधोमध छोटी चीर द्यायची, शाई तीत थांबते.

खोडरबर दारातच गोळा करायचे. मी त्यासाठी चकलीचा रिकामा डबा ठेवला आहे. वर्ग सुटला की ज्याचा त्याला परत.

पहिला रविवार : एकही चित्र दाखवायचं नाही

ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्यांदा हा वर्ग घेतला तेव्हा मोठ्या हौसेने या मंडळींच्या आधीच्या, नॉर्वेच्या मुंकची ‘किंकाळी’, म्हणजे पुलावर कान झाकून उभ्या माणसाचं चित्र, छापून भिंतीवर लावली आणि मग म्हटलं, आता तुमच्या मनातली भीती काढा. चौदा मुलांनी चौदा किंकाळ्या काढल्या. एकाने पूल मात्र विक्रोळीचा काढला होता, तेवढंच समाधान.

तेव्हापासून पहिल्या दिवशी भिंत कोरी.

सुरुवात उभ्याने. खाकी कागदाचा लांब पट्टा मुलांच्या खांद्याच्या उंचीवर चिकटवा आणि हातात कोळसा द्या. मनगट हलवायचं नाही, कोपर हलवायचं नाही, रेघ खांद्यातून यायला हवी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत, न थांबता. चित्रकार हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे हे इथे सांगायला हरकत नाही. माणसापेक्षा मोठा डोळा नुसत्या बोटांनी काढता येत नाही, हे मुलांना लगेच पटतं. स्विस चित्रकार पॉल क्ले शिकवताना फिरायला निघालेल्या रेघेबद्दल बोलायचा. मुलांना हे भारी आवडतं. कुठे जायचं ते न ठरवता निघालेली रेघ! एकीला मी विचारलं, तुझी रेघ कुठे निघालीय? ‘दळण आणायला,’ ती म्हणाली. रेघ खरंच पिशवी घेतल्यासारखी एका बाजूला झुकत गेली होती.

मग आवाज. मुलांनी डोळे मिटायचे, तुम्ही मोबाइलवर एकेक आवाज अर्धा मिनिट लावायचा, आणि त्यांनी न बघता तो कागदावर ओढायचा. कुकरची शिट्टी, पत्र्यावरचा पाऊस, लोकल रुळ बदलते तेव्हाची खडखड, ढोल-ताशा, मध्यरात्रीचा पंखा. वस्तू काढायची नाही, ही एकच अट. कुकर दिसला की बाद. ढोलाला सगळ्यांचा कोळसा जोरात आपटतो, तुकडे उडतात, हॉलची फरशी काळी होते. खाली वर्तमानपत्र आधीच पसरा, नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरींशी तुम्हाला बोलावं लागेल. मी बोलले आहे.

शेवटची वीस मिनिटं शब्दांची. कागदाला घड्या घालून आठ चौकोन करा, आणि एकेका चौकोनात एकेक भाव फक्त रेघांनी. राग, गुदगुल्या, कंटाळा, घाई, हेवा, भूक असे. ‘आनंद’ आणि ‘दुःख’ हे मुद्दाम टाळा. त्यांच्यासाठी मुलांकडे हसरा आणि रडका चेहरा तयार असतो, तोच उमटतो. हेव्याला तयार चित्र नसतं, त्यामुळे शोधावं लागतं.

गेल्या वर्षी कंटाळ्याच्या चौकोनात एका मुलीने काहीच काढलं नाही असं मला वाटलं. नीट पाहिलं तर चौकोनाच्या अगदी खालच्या कडेने एक फिकी रेघ गेली होती, मध्येच थोडी जाड झाली होती आणि पुन्हा फिकी. जाड का, म्हणून विचारलं. ‘तिथे बेल वाजली असं वाटलं, पण शेजारच्यांची होती.’ हे मला सुचलं नसतं.

रागाला हमखास कागद फाटतो. ज्याच्या हातून फाटतो तो घाबरून तुमच्याकडे बघतो. त्या क्षणी तुमचा चेहरा कसा होतो त्यावर पुढचे तीन रविवार अवलंबून आहेत. मागून चिकटपट्टी लावा आणि त्याला पुढे काढू द्या.

दुसरा रविवार : मुंकचं चित्र, पण आधी रंगाशिवाय

आता चित्र दाखवायचं. एडवर्ड मुंकने ‘किंकाळी’ १८९३ मध्ये केली आणि तिच्या एकाहून अधिक आवृत्त्या केल्या. आपल्या कामाची आहे ती १८९५ ची शिळाछापाची, काळ्या-पांढऱ्यातली. त्यात लाल आभाळ नाही, म्हणून नजर रेघेवरच जाते. इंटरनेटवर सहज मिळते, मोठी छापून घ्या.

पाच मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. मग एकच प्रश्न विचारा, यात सरळ रेघा कुठे आहेत आणि वळणाऱ्या कुठे? मुलांना बोट फिरवून दाखवायला सांगा. सरळ रेघा आहेत पुलाच्या कठड्याच्या आणि फळ्यांच्या, एकदम लांबवर जाणाऱ्या. मागचे दोघं जणही ताठ उभे. आकाश आणि पाणी मात्र लाटालाटांचं. आता पुढचा प्रश्न : मधला माणूस कोणाच्या बाजूचा? बोट त्याच्या अंगावरून फिरवलं की मुलांनाच सापडतं. तो उभा पुलावर आहे, पण त्याची रेघ आभाळाची आहे. त्याचे दोन सोबती पुलासारखे सरळ राहिले आणि हा एकटा आभाळात मिसळला. चित्रातली सगळी भीती रेघांच्या या वाटणीत आहे, हे एकदा दिसलं की नुसता किंचाळणारा चेहरा फार साधा वाटायला लागतो.

मग गोष्ट सांगा. मुंक दोन मित्रांबरोबर चालला होता, सूर्य मावळत होता, आभाळ रक्तासारखं लाल झालं आणि त्याला सगळ्या निसर्गातून एक किंकाळी गेल्यासारखं वाटलं. हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हणजे ओरडतंय ते आभाळ, आणि माणसाने कान झाकले आहेत. मोबाइलमधल्या गालांवर हात ठेवलेल्या इमोजीमुळे मुलांना उलटंच माहीत असतं. रंगीत चित्र आता काढा. ओस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या १८९३ च्या चित्रावर वरच्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं आहे की हे एखाद्या वेड्यानेच काढलं असावं. ते अक्षर खुद्द मुंकचंच असल्याचं संग्रहालयाने २०२१ मध्ये जाहीर केलं. चित्राच्या दोन आवृत्त्या चोरीला गेल्या, एक १९९४ मध्ये, दुसरी २००४ मध्ये, आणि दोन्ही परत मिळाल्या. चोरीची गोष्ट शेवटी सांगा, नाहीतर तास तिच्यातच जातो.

आता काम. मुलांना मुंकचं चित्र काढायला सांगू नका, त्याची वाटणी वापरायला सांगा. एक अशी जागा आठवायची जिथे आजूबाजूचे सगळे नेहमीसारखे होते आणि आपल्याला एकट्यालाच काहीतरी होत होतं. बाकी सगळ्यांना एका जातीची रेघ, आपल्याला दुसरी. आमच्या वर्गात आलेल्या जागा म्हणजे डेंटिस्टची खुर्ची, स्टेशनचा पूल, निकालाच्या दिवशी वर्ग, बंद पडलेली लिफ्ट, काकाच्या लग्नातलं स्टेज. लिफ्टवाल्या मुलाने लिफ्ट वाटोळ्या रेघांनी काढली आणि स्वतःला खिळ्यासारखं सरळ. त्याला विचारलं तर म्हणाला, मी हललो असतो तर ती पडली असती. वाटणी उलटी झाली तरी ती त्याचीच आहे, बरोबर करायला जाऊ नका.

कोणी नुसती गंमत काढली तर तेही चालवून घ्या. आणि कोणाच्या चित्रातून काळजी वाटावी असं काही बाहेर आलं, तर सगळ्यांसमोर चौकशी नको, नंतर शांतपणे आई-बाबांशी बोला. चित्रावरून मुलाचं मन ओळखायचा धंदा आपला नाही.

तिसरा रविवार : पंधरा मिनिटं आणि एक खिळा

१९०५ मध्ये ड्रेस्डेन शहरात वास्तुकला शिकणाऱ्या चार तरुणांनी एक गट काढला. किर्शनर, हेकेल, श्मिट-रोटलुफ आणि ब्लायल. गटाचं नाव ‘डी ब्रुके’, म्हणजे पूल. चित्रकलेचं रीतसर शिक्षण बेताचंच होतं, आणि त्याचा त्यांनी फायदा करून घेतला. समोरच्या माणसाला तासन्‌तास एकाच पोझमध्ये बसवण्याऐवजी दर पंधरा मिनिटांनी पोझ बदलायची, तेवढ्यात काय पकडता येईल ते पकडायचं.

मुलांसाठी पंधरा मिनिटं फार होतात. आपण उलट्या क्रमाने उतरायचं. पाच मिनिटं, दोन, एक, तीस सेकंद, दहा सेकंद. एकेक मूल मध्ये येऊन उभं राहील : कॅच पकडताना, दप्तर उचलताना, चालत्या गाडीत दांडा धरून. तीस सेकंदांच्या खाली आलं की नाक-डोळे काढायला वेळच उरत नाही. मूल एक लांब रेघ मारतं आणि तीच पाठ होते. दहा सेकंदांच्या चित्रांतून प्रत्येकाने एक निवडायचं आणि ते तसंच, काही न सुधारता, शाईने आणि हिराने मोठ्या कागदावर करायचं. हीर लवचिक असतो, शाई मध्येच संपते, थेंब पडतो. ते सगळं राहू द्या.

मग किर्शनरचं १९१३ चं ‘बर्लिनमधला रस्ता’ दाखवा. माणसं अणकुचीदार आहेत, कपड्यांवर तिरक्या रेघांचा मारा, सगळे एकमेकांना चिकटलेले आणि कोणी कोणाकडे बघत नाही. मुंबईच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. ‘काकू, हे आपलं साडेसहाचं दादर आहे,’ असं एकीने मला ऐकवलं. त्यातल्या बायका कोण होत्या याचा मोठ्यांसाठीचा इतिहास आहे, तो मुलांसमोर उघडायचं कारण नाही. तसंच ऑस्ट्रियाच्या एगॉन शीलेचं. त्याची रेघ मला या सगळ्यांत जास्त आवडते, पण त्याच्या चित्रांतून मुलांसाठी निवडताना जपून. धुणं वाळत घातलेल्या घरांची त्याची चित्रं द्या. दोऱ्या, कपडे, वेड्यावाकड्या भिंती. आपल्या चाळींच्या गॅलऱ्या काढायला याहून चांगली सुरुवात नाही.

ही मंडळी लाकडात कोरून ठसेही भरपूर करायची. लाकडावर पटाशी सरकत नाही, हिसका बसतो, म्हणून त्या रेघा खडबडीत आणि टोकदार. मुलांच्या हातात पटाशी द्यायची माझी हिंमत नाही. त्याऐवजी जाड कार्डशीटवर पिवळा, केशरी, पांढरा ऑइल पेस्टल गच्च घासायचा, वरून काळ्या पोस्टर कलरचा थर द्यायचा. रंग मेणावरून सुटत असेल तर त्यात थेंबभर भांडी घासायचं लिक्विड घाला. वाळला की संपलेल्या रिफिलने किंवा बोथट खिळ्याने खरवडायचं. इथे एक गंमत लक्षात आणून द्या : आत्तापर्यंत आपण उजेडात काळी रेघ ओढत होतो, आता काळोखात उजेडाची. विषय साधा ठेवा. वीज गेल्यावरचं घर पुरतं.

जुलैत मात्र हा प्रयोग करू नका. आमच्या हॉलमध्ये पावसाळ्यात पोस्टर कलर दोन-दोन तास ओला राहतो आणि खरवडताना चिखल होतो. पावसाळ्यात कोळसा, उन्हाळ्यात शाई आणि खरवडणं, असा माझा हिशेब आहे.

चौथा रविवार : फोर्टला

हे सगळं जर्मनीत झालं असं मुलांना वाटायला नको. नाझींनी या चित्रकारांची चित्रं संग्रहालयांतून काढून १९३७ मध्ये म्युनिकला ‘भ्रष्ट कला’ म्हणून हेटाळणीसाठी मांडली. त्याच सुमारास युरोपातून निघालेले काही जण मुंबईत आले. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर इथल्या टाइम्समध्ये कला-संचालक झाले, रुडी फॉन लायडन त्याच वर्तमानपत्रात चित्रांवर लिहायचे. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप सुरू झाला, सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांचा. त्या तरुणांना या परक्या माणसांचा मोठा आधार होता. सूझांना त्याआधीच, १९४५ मध्ये, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलं होतं. मुलं हे ऐकून एकदम सरसावून बसतात.

सूझांची निवडक डोकी छापून न्या. जाड काळी रेघ, डोळे थेट कपाळात चढलेले, गालांवर जाळीसारख्या फुल्या-फुल्या. चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरून काळा घोड्यापर्यंत चालत जा. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं, रविवारी चालतं. तिथे नेमकं काय लावलेलं असेल ते आधी बघून घ्या. जवळच्या जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही आणि आतली प्रदर्शनं बदलत असतात. मुलांना मी एकच काम देते : आज पाहिलेल्या सगळ्यांत तुला रागीट रेघ कुठे दिसली, लाजाळू कुठे, ते शोध आणि वहीत तेवढी रेघच उतरवून घे, चित्र नको. त्यानंतर बाहेरच्या फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्या कलाकारांपाशी दहा मिनिटं थांबायचं. कोणी पोर्ट्रेट काढत असेल तर त्याचं मनगट बघायचं. आतल्या भिंतीवरच्या चित्रात हात दिसत नाही, इथे दिसतो.

परत आल्यावर शेवटचं चित्र : आरशात बघून स्वतःचं डोकं. नजर आरशातून हलवायची नाही, कागदाकडे बघायचं नाही, कोळसा उचलायचा नाही. डोळा कानाजवळ जातो, हनुवटी कागदाबाहेर. मग कागदाकडे बघून हवी तिथे जाड रेघ द्यायची आणि एकच रंग वापरायचा. एकच का, तर तो निवडताना विचार करावा लागतो. जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्कने १९११ मध्ये घोडा निळा रंगवला तो दिसला म्हणून नव्हे. आमच्याकडे एकाने स्वतःला खालपासून वरपर्यंत हिरवं केलं, कारण त्याला सकाळी बसमध्ये मळमळलं होतं.

काय बोलायचं

‘छान’ हा शब्द मी वर्गात वापरत नाही. छान म्हटलं की मूल तेच पुन्हा काढतं. ‘हे काय आहे?’ हाही प्रश्न नको. बोलायचं ते रेघेबद्दल : इथे फार दाबलंस, इथे हात उचललास का, ही रेघ घाईत आहे, ही दोनदा का आलीय. मुलाच्या चित्रावर स्वतःचा हात चालवायचा नाही, एक ठिपकासुद्धा नाही. दाखवायचं असेल तर आपल्या वेगळ्या कागदावर.

पालक शेवटच्या दिवशी येतात आणि त्यांचे चेहरे पडतात. ‘आधी सुंदर सूर्योदय काढायची हो.’ त्यांना मी खाली बसवते, हातात कोळसा देते आणि कुकरची शिट्टी लावते. बहुतेक बाबा कुकरच काढतात.

कोळशाची चित्रं झटकून, मध्ये वर्तमानपत्र घालून सपाट ठेवा. वर हेअर स्प्रे मारायचा तर गॅलरीत, हातभर लांबून, मोठ्यांनीच. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, ओल येते आणि कसर लागते. फ्रेम करायची घाई नको. मागच्या बाजूला तारीख आणि त्या दिवसाबद्दल मुलाचं एक वाक्य लिहून घ्या, त्याच्याच अक्षरात. माझ्याकडच्या एका काळ्याकुट्ट कागदामागे लिहिलंय, ‘आज मामा आला आणि लगेच गेला.’